ट्रेसरबाईंचं आरमार

"थांबायचं कुठं, ते आधी ठरवा."

रेघ ओढायच्या आधी बाई पेन कागदाच्या दोन बोटं वर धरायच्या, रेघ जिथं संपणार तिथवर ते हवेतच नेऊन आणायच्या, आणि मग शाई टेकवायच्या. कुणी घाईनं नकाशा मागायला आलं की हे वाक्य ठरलेलं. समोर साहेब असोत की शिपाई, सूर एकच. तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल, ज्याचं एक वाक्य भिंतीवरच्या घड्याळासारखं सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. आमच्या कचेरीत त्या ट्रेसरबाई होत्या.

आमचं कार्यालय भूमला, सोसायटीच्या गोदामाला लागून होतं. जमिनीखालचं पाणी शोधायचं आमचं काम. कुठल्या गावात बोअर घेतला, किती फुटांवर खडक लागला, पाणी लागलं की नुसता धुरळा उडाला, हे सगळं नकाशावर उतरवायचं. पेन्सिलीच्या खुणांवर बाई ट्रेसिंगचं कापड ताणायच्या आणि शाईनं गिरवायच्या. पाणी लागलं तिथं निळा ठिपका, बोअर कोरडा गेला तिथं काळं वर्तुळ. निळ्या शाईची एक बाटली वर्षभर पुरायची. काळी दोन महिन्यांत संपायची.

बाई मूळच्या तेरच्या. चाळिशीच्या आसपासच्या, सडपातळ, केसांचा घट्ट अंबाडा, उजव्या हाताच्या मधल्या बोटाला शाईचा कायमचा डाग. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्म स्वीकारला आणि मुलीला शाळेत घातलं, ते तिला चित्रकलेची परीक्षा पास होईपर्यंत काढलं नाही. लग्न केलं नव्हतं. म्हाताऱ्या आईला घेऊन बाजारतळाच्या मागं दोन खोल्यांत राहायच्या. मी आवक-जावक कारकून. माझं टेबल आणि त्यांचं उतरतं टेबल समोरासमोर होतं, म्हणून ही सगळी हकिगत मला माहीत.

एका उन्हाळ्यात आमच्याकडं नवी बोअरची गाडी आली आणि तिच्याबरोबर, ती चालवायला शिकवण्यासाठी, एक परदेशी मिस्तरी. सहा फूट उंच, उन्हानं टोमॅटोसारखा झालेला. लोक त्याला बोअरसाहेब म्हणायचे. तो विश्रामगृहात एकटाच राहायचा. एक दिवस तो बगलेत एक चपटा पुठ्ठ्याचा खोका घेऊन आला आणि तो त्यानं बाईंच्या टेबलावर उघडला. आत घडी घातलेला मोठा नकाशा होता. त्याचा अर्धा भाग वाळवीनं खाल्ला होता.

माझं इंग्रजी त्या कचेरीतलं त्यातल्या त्यात बरं, म्हणून दुभाषी मी. "हा नकाशा परत काढून मिळेल का, असं विचारतोय," मी सांगितलं.

बाईंनी नकाशा पंख्याखाली पसरला. काळ्या पार्श्वभूमीवर सहा कोनांची बारीक घरं, मधाच्या पोळ्यासारखी, हजारभर तरी असतील. मधेच कुठं पिवळा गोळा, कुठं तांबडा. गाव नाही, ओढा नाही, रस्ता नाही.

"हा कुठला तालुका?"

मी विचारून सांगितलं, "आकाश आहे म्हणे."

बाईंनी भिंग घेतलं. बराच वेळ पाहिलं. "पाणी कुठं दावलंय ह्याच्यात?"

बोअरसाहेबाला मी हे सांगितलं तेव्हा तो इतका हसला की बाहेरून शिपाई डोकावला. मग त्यानं खोक्यातून नखाएवढे पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे काढले. प्रत्येकावर एक जहाज छापलेलं. पाण्यातलं नव्हे, आकाशातलं. हा खेळ होता. दोन आरमारं, एक ह्याचं, एक त्याचं. फासे टाकायचे, तोफा डागायच्या, एकानं त्या तांबड्या गोळ्यापर्यंत पोचायचं आणि दुसऱ्यानं ते अडवायचं. विश्रामगृहात त्याच्याशी खेळायला कुणी नव्हतं. तो दोन्ही बाजूंनी एकटाच खेळायचा.

बाईंनी रविवार आणि आणखी पाच संध्याकाळी खर्चून तो नकाशा काढला. कापडावर शाईनं एकेक षट्कोन. शिवाय प्रत्येक घरात, मुंगीएवढ्या अक्षरात, चार आकडी नंबर. मूळ नकाशात नंबर नव्हते. मी विचारलं, हे कशाला? "घराला नंबर नसला तर टपाल कसं येणार?" त्या म्हणाल्या. पुढं काय होणार आहे हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं. कापडावरून त्यांनी कचेरीतल्या अमोनियाच्या छपाईनं दोन प्रती काढल्या, एक बोअरसाहेबाला, एक स्वतःला, आणि पुठ्ठ्यावर चिकटवल्या. मग साहेबाला म्हणाल्या, "आता शिकवा."

दुपारच्या सुट्टीत शिकवणी सुरू झाली. पहिल्याच दिवशी बाई अडल्या. खेळाचा मुख्य नियम असा, की जहाज एकदा तीन घरं गेलं की पुढच्या पाळीलाही त्याच दिशेनं तीन घरं जाणार. इंधन जाळलं तरच वेग कमी करता येतो किंवा दिशा बदलता येते.

"पर मी त्याला चालवलंच न्हाय तर?"

"तरी जाईल."

"का?"

"आकाशात अडवायला काही नाही म्हणून."

बाईंनी डबा झाकला आणि उठून गेल्या. दोन दिवस त्या विषयावर अवाक्षर काढलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी काही कामानं बार्शीला गेल्या होत्या, तिथून परस्पर कचेरीत आल्या आणि पिशवी ठेवायच्या आधी म्हणाल्या, "भाऊसाहेब, साहेबाला सांगा, मला पटलं. आज यष्टीच्या डायवरनं म्हशीसाठी ब्रेक मारला. गाडी थांबली, पर माणसं न्हाय थांबली. समदी म्होरं." आणि स्वतःशीच हसत बसल्या. एखादी गोष्ट कळली की त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू कुणीतरी घरचं पाहुणं म्हणून आलंय.

पहिले आठ-दहा डाव त्या हरल्या. मग एका दुपारी त्यांच्या शेवटच्या जहाजाचं इंधन संपलं. साहेबानं हात झटकून डाव आवरायला घेतला. बाई म्हणाल्या, "हात लावू नका." ते जहाज आपल्या वेगानं पिवळ्या गोळ्याजवळून गेलं, गोळ्याच्या ओढीनं एक घर वळलं, पुढच्या पाळीला आणखी एक वळलं, आणि काडीचंही इंधन न जाळता साहेबाच्या दोन जहाजांच्या मागं येऊन पोचलं. साहेबानं नियमांचं पुस्तक काढून दोनदा वाचलं. मग पुस्तक मिटून बाईंना आपल्या पद्धतीनं हात जोडले. कोपर बाहेर काढून, जरा वेडेवाकडे.

पावसाळ्याच्या तोंडाला तो परत गेला. जाताना नियमांचं पुस्तक आणि फाशांची एक जोडी बाईंना देऊन, त्यांच्या प्रतीवर बोट ठेवून म्हणाला, "तुमच्याकडे नकाशा, माझ्याकडे नकाशा. घरांना नंबर आहेत. पत्रानं खेळू."

असा तो डाव सुरू झाला. बाईंनी फायलीच्या पुठ्ठ्यातून आपली जहाजं कापली आणि त्यांना नावं दिली: तेरणा, मांजरा, बोरी, बेणीतुरा. "नद्या तर कोरड्या पडल्यात," त्या म्हणाल्या, "जहाजं तरी चालू द्यात." चाल बाई सांगायच्या, इंग्रजीत पत्र मी लिहायचो, सही त्या करायच्या. फासे ज्याचे त्यानं टाकायचे आणि आलेलं दान प्रामाणिकपणे कळवायचं. एका चालीला जाऊन-येऊन दीड महिना लागायचा. एकदा बाईंच्या फाशावर सलग तीनदा एक पडला आणि मांजरा अर्धी निकामी झाली. मी म्हटलं, "बाई, त्याला काय दिसतंय? परत टाका." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी गुपचूप तीन एक्के लिहिले.

दोन वर्षं हे सुरळीत चाललं. तिसऱ्या वर्षी, एका सकाळी अकराच्या सुमाराला, साध्या वेशातले एक पोलीस निरीक्षक जिल्ह्याच्या गावाहून आले. आमच्या साहेबांच्या खोलीत त्यांनी मला बोलावलं. टेबलावर परदेशी जाताना टपालात अडवून उघडलेलं एक पत्र होतं. माझ्या अक्षरातलं.

त्यात काय होतं ते मला पाठच होतं. आता तुम्हीच ते त्या निरीक्षकांच्या नजरेनं वाचा. पाण्याच्या खात्यातून परदेशी गेलेलं पत्र, आणि मजकूर असा: 'तेरणा ०७१४ वरून ०९१६ वर गेली आहे. मांजरा पुढच्या पाळीला फुटणार. बोरी अजून तुमच्या लक्षात आलेली नाही. १२२० वर मारा करा, मग पाहा.'

"आवक-जावक तुमच्याकडं ना?" निरीक्षकांनी विचारलं. "ही पत्रं तुम्हाला माहीत आहेत?"

माझ्या नोकरीला तेव्हा चार वर्षं झाली होती. घरात दीड वर्षाचा मुलगा होता. ही कारणं मी पुढं अनेकदा स्वतःला सांगितली. त्या क्षणी मात्र यातलं काहीच मनात आलं नाही. तोंडातून आपोआप निघालं, "नाही साहेब. माझा काही संबंध नाही."

बाईंना बोलावलं गेलं. त्या पदराला हात पुसत आत आल्या. निरीक्षकांनी पत्र पुढं सरकवलं. "हे अक्षर कुणाचं?"

बाईंनी पत्राकडं पाहिलं. मग एकदा माझ्याकडं. मी खिडकीबाहेर बघत होतो.

"माझं," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला इतकं इंग्रजी येतं?"

"शब्द समदे खेळाच्या पुस्तकातले हायेत. बघून काढते."

"आणि हे वळण? हे सरावाचं कारकुनी अक्षर आहे, बाई."

"मी ट्रेसर हाय," बाई म्हणाल्या. त्यांनी साहेबांच्या टेबलावरचा कोरा कागद ओढला, पत्र शेजारी ठेवलं, पेन हवेत एकदा फिरवलं आणि पहिल्या दोन ओळी लिहिल्या. माझी टी-वरची लांब दांडी, माझा खाली ओढलेला जी, माझी उजवीकडं चढत जाणारी ओळ. निरीक्षकांनी दोन्ही कागद खिडकीशी धरून पाहिले.

"म्हणजे तुम्ही कुणाचंही अक्षर काढाल!"

"व्हय. त्याचाच पगार मिळतोय."

आमचे साहेब खोकले. निरीक्षकांच्या मिशीत काहीतरी हललं. पण ते कामाचे पक्के होते. म्हणाले, "हा खेळच आहे, हे कशावरून?"

"बसा. खेळून बघा."

नकाशा आला, जहाजं आली. निरीक्षक टोपी काढून बसले. पहिल्या पाळीला त्यांनी जहाजाला सगळा वेग दिला, दुसऱ्या पाळीला आणखी. बाई म्हणाल्या, "साहेब, थांबायचं कुठं, ते आधी ठरवा." त्यांनी ऐकलं नाही. चौथ्या पाळीला त्यांचं जहाज आकाश ओलांडून, पुठ्ठा ओलांडून साहेबांच्या शाईच्या दौतीपाशी गेलं. "हे चालणार नाही, परत लावा," ते म्हणाले. दीड वाजेपर्यंत तीन डाव झाले. जेवणाचा डबा त्यांनी तिथंच, नकाशावर सांडू न देता, खाल्ला. जाताना एवढंच म्हणाले, "संशयास्पद काही नाही असं मी लिहीन. पण बाई, सरकारी नोकर आहात. वरून परवानगी येईपर्यंत पत्रं बंद."

दुसऱ्या दिवशी बाई आल्या आणि रोजच्यासारखं विचारलं, "भाऊसाहेब, चहा झाला का?" त्या एखादा शब्द टाकून बोलल्या असत्या, तर बरं वाटलं असतं. दुपारी धीर करून मी सुरुवात केली, "बाई, काल मी..."

"पोरगं चालाय लागलं का तुमचं?" त्या म्हणाल्या, आणि कापड ताणायला लागल्या. विषय संपला. माफी मागायची माझी तयारी होती, पण ती घ्यायला त्यांच्याकडं जागाच नव्हती. त्यांनी तिथं काही ठेवलंच नव्हतं.

मी त्यांना एवढंच विचारलं, "डाव तर मधेच थांबला."

"थांबला कुठं?" बाई म्हणाल्या. "जहाजं आपापल्या वेगानं चाललीच असतील. आपण बघत न्हाय, एवढंच."

त्याच वर्षी त्यांची बदली मुरुमला झाली. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथं बाजारात निम्मी माणसं कन्नड बोलतात. बदल्या सगळ्यांच्याच होत होत्या. ही त्या पत्रामुळं झाली की नाही, ते मला आजही सांगता येत नाही. जायच्या आधी त्यांनी परवानगीचा अर्ज केला. मसुदा मी लिहिला: 'विषय: परदेशस्थ व्यक्तीशी टपालाद्वारे बैठा खेळ खेळण्यास परवानगी मिळणेबाबत.' तो अर्ज वर गेला आणि शेरे घेत घेत हिंडत राहिला. एकदा विचारणा आली, सदर खेळात शासनाची काही जबाबदारी उद्भवते काय. बाईंनी कळवलं, नाही. मग विचारणा आली, सदर खेळ किती काळ चालणार आहे. बाईंनी कळवलं, इंधन संपेपर्यंत.

अडीच वर्षांनी 'हरकत नाही' असा कागद आला. माझ्याच आवकेत आला. मी तो पुढं पाठवला नाही. रजा टाकून स्वतः मुरुमला घेऊन गेलो.

एका मुसलमान कुटुंबाच्या घराच्या मागच्या खोल्यांत बाई राहत होत्या. अंबाडा पांढरा झाला होता. भिंतीवर नकाशा होता आणि त्यावर जहाजं टाचण्यांनी टोचलेली, ज्या दिवशी पत्रं बंद झाली त्या दिवशीच्याच घरांत. कागद वाचून त्यांनी माझ्यासमोरच पत्र लिहायला घेतलं. मी म्हटलं, "द्या, मी लिहितो." त्या म्हणाल्या, "आता येतंय मला थोडं."

येत होतं. पण त्यांचं सगळं इंग्रजी त्या नियमांच्या पुस्तकातून आलेलं. साहेबाला विलंबाबद्दल त्यांनी लिहिलं ते मराठीत सांगायचं तर असं: 'मध्ये काही पाळ्या माझ्या हातात नव्हत्या.' आणि त्याच्याखाली, आईबद्दल, एकच ओळ: 'गेल्या हिवाळ्यात माझी आई नकाशाबाहेर गेली.' ती ओळ वाचून मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. घरमालकीण चाचींनी मला न विचारताच पाणी आणून दिलं.

साहेबाचं उत्तर दोन महिन्यांत आलं. त्यानं मधल्या काळात दोन घरं बदलली होती, पण नकाशा भिंतीवरच होता. एकही टाचणी हलली नव्हती.

पुढची तीन-चार वर्षं डाव चालला. मला अधूनमधून कार्ड यायचं. बेणीतुरा गेली. बोरी तांबड्या गोळ्यापासून अकरा घरांवर आहे. इकडं पाऊस न्हाय, गावात टँकर चालू हाय. तेरणा अजून चालते. एका कार्डात लिहिलं होतं, 'आकाश किती मोठं ते ह्या नकाशात न्हाय. नकाशाला काठ हायेत. त्याच्या पलीकडं काय, ते साहेबाला विचारलंय. त्यालाही माहीत न्हाय म्हणतो.'

मग एका मार्चमध्ये कार्ड आलं ते चाचींच्या मुलाच्या अक्षरात. बाईंना कावीळ झाली होती. आठ दिवसांत गेल्या. कार्ड पोचेपर्यंत त्यालाही बारा दिवस झाले होते.

मी मुरुमला पोचलो तेव्हा खोली रिकामी होती. भांडी आणि बाबासाहेबांची तसबीर तेरचे नातेवाईक घेऊन गेले होते. चाचींनी पेटीतून एक पत्र काढून दिलं. "बाई गई और चौथे दिन ये आया. तुमीच फोडा, भय्या. मला तर हात लावायला होईना."

साहेबाचं पत्र होतं. एक छोटीशी चाल, आणि खाली एक प्रश्न. त्याच्या गावच्या वाचनालयात त्यानं मोठा नकाशाग्रंथ पाहिला होता. आमच्या भागात एक बारीक निळी रेघ होती आणि तिच्यावर 'तेरणा' लिहिलेलं होतं. 'इतकी वर्षं मला वाटायचं, ही तुमच्या घरातल्या बायकांची नावं आहेत,' त्यानं लिहिलं होतं. 'तेरणा ही खरी नदी आहे का? कशी दिसते?'

मी मुरुमच्या टपाल कचेरीत गेलो. तिथल्या लाकडी बाकावर बसून उत्तर लिहिलं. बाई गेल्या, हे आधी लिहिलं. मग तेरणा खरी आहे, बाईंचं गाव तिच्याच काठी, उन्हाळ्यात तिच्यात वाळू असते आणि चांगला पाऊस झाला की गढूळ पाणी काठाला लागतं, हे लिहिलं. मग, थांबू की नको असं करत, ती अकरा वाजताची गोष्ट लिहिली. निरीक्षक, साहेबांची खोली, माझं उत्तर, बाईंचं उत्तर. दोन पानं लागली. खाली पहिल्यांदाच माझी सही केली आणि पाकिटामागं माझं पूर्ण नाव आणि पत्ता घातला.

खिडकीतल्या कारकुनानं पाकीट उलटून पाहिलं. "बाईंच्या साहेबाला व्हय हे? बाईंचे कोण तुम्ही?"

"मी त्यांची पत्रं लिहायचो."

"हितं तर बाई सोताच लिहायच्या. मी बघितलंय की."

"त्याच्या आधीची," मी म्हटलं. "भूमची. ती सगळी माझ्या अक्षरात आहेत."

त्यानं मान डोलावली, तिकिटं लावली आणि पाकिटावर जोरात शिक्का मारला.